ओळख पटली

"हा तो नाही," बाई म्हणाल्या.

निरीक्षकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाकावरच्या माणसाची हनुवटी धरून त्यांनी त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि नीट बघा म्हणाले. बाईंनी नीटच बघितलं होतं. शाळेत शिकवण्यात जन्म गेलेला, चेहरा त्या सहसा विसरत नसत. भर दुपारी त्यांच्या गळ्यातली साखळी ओढून मोटारसायकलवरून पसार झालेला पोरगेलासा होता, अजून धड मिसरूडही न फुटलेला. हा चाळिशी उलटलेला रंगारी. हातात बेड्या, नखांत वाळलेला पांढरा रंग, एक डोळा सुजून मिटलेला. पाय तो फरशीला टेकू देत नव्हता.

टेबलावरची साखळीही त्यांची नव्हती. त्यांची साखळी आईची होती, झिजून दोऱ्यासारखी झालेली. ही चांगली जाडजूड. दुसऱ्याच कुणाची तरी वस्तू आपल्या गळ्यात मारतायत, हे त्यांनी तोंडावर सांगितलं.

"होती त्यापेक्षा भारी मिळतेय. मग तक्रार कसली, बाई?" निरीक्षक हसून म्हणाले.

आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. साखळीचोरांनी उच्छाद मांडलाय, वरून रोज विचारणा होतेय, संध्याकाळी मोठे साहेब वार्ताहरांना बोलावणार आहेत, असं सगळं त्यांनी समजुतीनं सांगितलं. बाईंनी फक्त 'हाच' म्हणायचं, पुढचं ते बघून घेतील. मग चहा सांगून, बाईंना विचार करायला वेळ देऊन ते बाहेर गेले. खोलीत एक म्हातारा हवालदार उरला. तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

बाई खुर्ची ओढून रंगाऱ्याजवळ सरकल्या. घाबरू नकोस, म्हणाल्या. कुणी काही म्हणो, त्या खोटं बोलणार नव्हत्या. ओळखीचा वकील होता, त्याला आजच गाठणार होत्या. वेळ पडली तर थेट वरच्या साहेबांच्या दारात जाऊन बसणार होत्या. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच धीर आला.

"मावशी," तो म्हणाला, "हो म्हणा."

बाईंना आधी कळलंच नाही. "अरे, पण तू चोरलीस का?"

"नाही."

"मग?"

त्याने दाराकडे बघितलं. "सकाळी एक ताई आल्या होत्या. तुमच्यासारख्याच, भल्या. त्याही म्हणाल्या, हा नव्हे. त्या गेल्यावर मला परत आतल्या खोलीत नेलं. तुम्ही हो म्हणालात की तुरुंगात धाडतील. तिथे बरं असतं म्हणतात."

बाईंनी हवालदाराला विचारलं, तुम्ही ऐकताय ना हे?

"त्याचं ऐका, बाई," हवालदार मान न वळवता म्हणाला.

चहा आला आणि निवून गेला. निरीक्षक परतले, खुर्चीत बसले आणि काय ठरलं म्हणून विचारलं. बाईंनी नुसती मान डोलावली. तोंडानं सांगावं लागेल, निरीक्षक म्हणाले.

"हाच," बाई म्हणाल्या.

दाखवतील तिथे त्यांनी सही केली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की त्यांचं त्यांनाच ओळखू येईना. निरीक्षक त्यांना दारापर्यंत पोचवायला उठले. दाराकडे जायची वाट बाकासमोरून होती. बाई पदर सावरत, खाली बघत निघाल्या.

रंगाऱ्याने बेड्यांसकट हात उचलून कपाळाला लावले.

"उपकार झाले, मावशी," तो म्हणाला.