डावीकडची पायरी

पिकअप उंच करून मोठे टायर घालायचं शशिधरच्या मनात गाडी घेतल्यापासून होतं, पण बायको नीलम्मा आडवी यायची. "माझं गुडघं बघा की. चढायला शिडी घिऊन हिंडू का?" औंदा ती वारली आणि आडवं येणारं कुणीच उरलं नाही. शाहूपुरीतल्या गॅरेजवाल्यानं जॅक काढला, तशी गाडी वीतभर उंच दिसली. "जोर मागच्या दोनच चाकांना हाय काका, चिखलात रुतायची ती रुतणारच. पर दिसतीया दांडगी." सवयीनं वळसा घालून शशिधरनं डावीकडचं दार उघडलं. सीटवरची तिची उशी आता त्याच्या छातीशी आली होती. "तुमच्या बाजूला पायरी बसवलीया. हिकडं नको न्हवं? एकटंच फिरताय," गॅरेजवाला म्हणाला. शशिधरनं उशी झटकून जागेवर ठेवली. "बसीव. जरा खालीच बसीव, तिला गुडघं वाकवाय येत न्हाईत."