जानव्याची चावी

२०१२ सालची गोष्ट. मस्कतच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष सतरा वर्षं आमचे हे, आणि गणपतीच्या दागिन्यांच्या कपाटाची चावी यांच्या जानव्याला. “आता मंडळातल्या तरुण धनंजयला द्या,” मी म्हटलं. “त्याला समई तरी घासता येते का?” मंडळाच्या निवडणुकीच्या सकाळी नात पूर्वा यांना शाळेतलं भाषण ऐकवत होती, दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन आमदारावर. “तो पाच वेळा जिंकला. सहाव्यांदा उभाच नाही राहिला. फार्मवर गेला.” “का? हरणार होता?” “नाही आजोबा. म्हणाला, दुसऱ्यांना पण चान्स पाहिजे.” यांचा चहा निवला. संध्याकाळच्या सभेत यांनी चावी धनंजयच्या हातावर ठेवली. धनंजय अजून अध्यक्ष आहे. पूर्वा वकील झाली. त्या आमदाराचं नाव तिला आठवत नाही. हे गेले तेव्हा पाकिटात त्याच कपाटाची दुसरी चावी सापडली. ती मी धनंजयला दिलेली नाही.