सुकडी इलेव्हन

"सुकडी! हे काय क्लबाचं नाव हाय?" ईश्वरप्पा ओट्यावरून गरजला. "आता आपला जिल्हा लातूर झालाय. पहिल्याच स्पर्धेला कलेक्टरसाहेब येणार. भोंग्यातून पुकारा होणार, सुकडी इलेव्हन मैदानात येत आहे! लोक म्हणतील, आलं भिकाऱ्याचं टोळकं."

ईश्वरप्पाच्या ऑइल मिलसमोरचं अंगण माणसांनी गच्च भरलं होतं. सामना नसताना देवणीत फुटबॉलसाठी एवढी गर्दी कधी जमली नव्हती. चेंडू ईश्वरप्पाचे, बनियनं ईश्वरप्पाची, परगावी जायला ट्रकही त्याचाच. त्यामुळं क्लबाचं नाव बदलायचा हक्कही आपलाच, असं त्याला वाटत होतं. नवं नाव त्यानं ठरवूनही टाकलं होतं, 'ईश्वर ऑइल मिल स्पोर्टिंग क्लब'. मलप्पा पेंटर कापडी फलक पसरून, ब्रश बुडवून हुकमाची वाट बघत बसला होता.

जुनं नाव बहात्तरच्या दुष्काळातलं. पाझर तलावाच्या कामावर सरकार मजुरांना सुकडी वाटायचं, गोडसर कोरडं पीठ. ते खाऊन पोरं चिंध्यांच्या चेंडूनं खेळायची. एका सामन्यात उदगीरच्या पोरांनी त्यांना 'सुकडीवाले' म्हणून चिडवलं आणि त्याच सामन्यात सपाटून गोल खाल्ले. तेव्हापासून क्लबाचं नाव तेच झालं.

"आप्पा, तुमचं नाव लई लांब हाय," जुना गोलकीपर लिंबाजी म्हणाला. "आमी ते ओरडून संपवायच्या आत समोरचे गोल करून जातील."

अंगण हसलं. शेषेराव मास्तरांना मात्र नवं नाव भारदस्त वाटत होतं. ते उभे राहून म्हणाले, "दोन्ही बाजूंचा मान ठेवू. ईश्वर सुकडी ऑइल क्लब!"

"असलं तेल कोण घेईल, मास्तर?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मास्तर हसतहसत खाली बसले.

मग चांगुणाबाई उठली. तलावाच्या कामावर ती खडी फोडायला होती. आता तिचा पोरगा सेंटर फॉरवर्ड खेळायचा, आणि सामन्यात तिचा आवाज पंचाच्या शिट्टीच्या वर जायचा. "भीक कशी, आप्पा?" ती म्हणाली. "हाताची सालटं निघंस्तोर खडी फोडली, मग खाल्ली. कलेक्टरसाहेबाला लाज वाटत आसंल तर त्यानं कानात बोटं घालावी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ईश्वरप्पाही हसला, पण वरवर. मैदानावर शेकडो माणसं 'सुकडी, सुकडी' असं ओरडायला लागली की तो ट्रकच्या आड जाऊन उगीच टायर तपासत बसायचा. आज एकदाचं ते नाव पुसायचंच, असं ठरवून तो ओट्यावर चढला होता.

"जाऊ द्या हो मावशी," रेवणसिद्ध म्हणाला. तो उमरीचा, जावई म्हणून नुकताच गावात राहायला आलेला. "मोठ्या घरचा माणूस. त्यान्ला काय कळायची सुकडीची चव? कवा खाल्ली आसंल तवा ना!"

चांगुणाबाईनं रेवणसिद्धला कोपरानं ढोसलं. "गप बस की रं."

ईश्वरप्पानं त्या सगळ्या तोंडांकडं पाहिलं. एकही माणूस त्याच्या नजरेला नजर देत नव्हता. एवढी वर्षं दडवलेला शब्द आपोआप बाहेर पडला.

"खाल्लीय."

मलप्पाच्या ब्रशातून रंगाचा थेंब फलकावर पडला. ईश्वरप्पा मटकन ओट्यावरच बसला.

"त्या साली मिल बंद पडली. करडीचा दाणा बाजारात न्हाई. घरात पोरं उपाशी. धंद्यासाठी हैदराबादला गेलो म्हणून म्हाताऱ्या अव्वाला सगळ्यांना सांगाया लावलं, आन टावेलात तोंड झाकून तलावावर आलो. नाव खोटं सांगितलं. खडी फोडली. सुकडी खाल्ली, उरलेली पोरांसाठी बांधून नेली." त्यानं मान खाली घातली. "आता हसा."

कुणी हसलं नाही. कुणाला नवलही वाटलेलं दिसलं नाही. लिंबाजी निवांत तंबाखू मळत होता.

"म्हाईत हाय, आप्पा," चांगुणाबाई म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"तोंड झाकलं तुमी, पण चाल कुठं झाकता? आन हैदराबादहून माणूस बांगड्या आणतो. तुमी हाताला फोड घिऊन आलता!"

आता मात्र सगळं अंगण खदखदून हसलं. रेवणसिद्ध आ वासून बघत राहिला. ईश्वरप्पाला हसावं की रडावं कळेना. शेवटी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत त्यालाही हसू फुटलं. "मलप्पा," तो म्हणाला, "सुकडी लिही. आन जरा मोठं लिही, साहेबाला लांबून दिसू दे."

आरोळ्या ठोकत लोक पांगायला लागले. चांगुणाबाईही निघाली. ईश्वरप्पा ओट्यावरून उतरून तिच्याजवळ गेला.

"एवढी वर्सं सगळ्या गावाला म्हाईत होतं, आन मला एका शब्दानं बोलला न्हाईत?"

"बोलून काय करायचं, आप्पा?" ती म्हणाली. "गावात तुमच्याहून मोठे शेठ चिक्कार हायत. पन आमच्या वळीत बसून सुकडी खाल्लेला एकच व्हता. म्हणून तर क्लब घिऊन आमी तुमच्या दारात आलो."