दाढीचं गाणं

शाळा सोडली त्या वर्षी मी वहीभर गाणी लिहिली. कॉलेजात चाळीस वर्षं कविता शिकवलेल्या आजोबांनी त्यांवर लाल पेनाने काट मारली. "गाढवा, ही गाणी आहेत. कविता वेगळी असते." रागाने मी वही भिरकावून दिली.

आता ते मला ओळखत नाहीत, न्हावी समजतात. रोज दाढी करताना सारखे हलतात, म्हणून मी त्या वहीतलंच एक गाणं गुणगुणतो. मग कुठे गप्प बसतात.

आज तपासायला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी ते अख्खं म्हणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "वा आजोबा, छान गाणं आहे."



"गाणं काय म्हणता? कविता आहे, माझी. आमच्या नातवाला यातलं ओ की ठो कळत नाही."