तात्यांची विहीर

तीस वर्षांमागं याच विहिरीवर तात्यांनी राहीबाईच्या हातात दोर दिला होता. तोवर तिच्या वस्तीतल्या बायका घागर कडेला ठेवून लांब उभ्या राहायच्या. गावातल्या कुणाला दया आली, तर तो वरनं पाणी ओतायचा. त्या दोरापायी गावानं तात्यांचं डोकं फोडलं होतं.

आता बहात्तरचा दुष्काळ, त्यात निवडणूक तोंडावर. विहिरीवर लोखंडी जाळी बसली आणि शेजारी तात्यांचा पुतळा उभा राहिला. आमदारांनी राहीबाईला पाणी शेंदायला लावलं, तिच्या हातचं पेलाभर पाणी प्यायलं, फोटो काढून घेतले. "तात्यांचं काम आमीच पुढं नेणार," म्हणाले आणि जीप धुरळा उडवत निघून गेली.

राहीबाईनं घरनं आणलेली आपली घागर उचलली, तर सरपंच लालासाहेब जाळीला कुलूप घालत होता.

"माझं पाणी ऱ्हायलं की वं."

"मावशी, ह्ये आता तात्यांचं स्मारक हाय. आल्यागेल्यानं दोराला हात लावून कसं चालंल? कमिटीचा ठराव हाय."

ती हलेना. मग त्यालाच तिची कीव आली. "बरं, असं करा. घागर तिथं कडेला ठेवा. आमचा माणूस वरनं वततो."

घरी रांजण कोरडा पडला होता. राहीबाईनं घागर खाली ठेवली, आणि कुणी न सांगताच तिचे पाय चार पावलं मागं सरले.