चुकीच्या जागचा उंचवटा

उंचवटा चुकीच्या जागी होता. तिनं ग्राफ पुन्हा डोळ्यांजवळ नेला, तरी तो मेला तिथंच!

बाहेर सर फोनवर कुणाला तरी सांगत होते, "काच झाली! बोटभर जाड कांडी, आणि आतून-बाहेरून काच!" आवाज नुसता उतू जात होता. संचालक ग्राफ बघायला येणार होते. निकाल खरा असेल तर प्रयोगशाळा तगणार होती. नाहीतर भट्टी भंगारात, खोली दुसऱ्या विभागाला आणि तिचा प्रबंध अर्ध्यावर लटकलेला.

वितळलेल्या धातूला सवड दिली, की त्याचे अणू शहाण्यासारखे आपापल्या रांगेत जाऊन उभे राहतात. सवडच द्यायची नाही, तांब्याच्या साच्यात ओतून झटक्यात गार करायचं, म्हणजे संगीत खुर्चीत गाणं थांबल्यावर होते तशी त्यांची फजिती होते. जो जिथं, तो तिथंच थिजतो. हीच धातूची काच. पातळ पापुद्रा कुणीही करेल. जाड कांडीचं पोट मात्र सावकाश निवतं, अणूंना रांग लावायला वेळ मिळतो. लहानमोठ्या अणूंची अशी मोट बांधायची, की वेळ मिळूनही कुणाला रांग सापडू नये. त्यासाठी सरांनी आणि तिनं जिवाचं रान केलं होतं.

रांगा लागल्या असतील तर एक्स-रेच्या ग्राफवर सुळके येतात. काच असेल तर एकच बसका उंचवटा. तसा तो आलाही होता. पण धातूच्या काचेचा उंचवटा चाळीस अंशांच्या कोनाजवळ यायला हवा. हा पठ्ठ्या पंचविशी गाठायच्या आतच उभा! तिथं कोण येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. साधी काच. खिडकीची, पेल्याची, आणि ज्या पट्टीवर ती कांडीचा तुकडा चिकट मातीनं बसवायची, त्या पट्टीची.

तिनं यंत्राचं दार उघडलं. तुकडा पट्टीच्या खालच्या कडेला सरकलेला होता. किरण उघड्या पट्टीवरच पडत राहिले होते.

सकाळी तुकडा बसवून, यंत्र सुरू करून ती वर्गावर गेली होती. परतली तेव्हा सर ग्राफ हातात घेऊन उभे होते, डोळे भरलेले. त्या आनंदात तिनं आकडे बघितलेच नव्हते.

ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली. गप्प बसलं तर आज काही आभाळ कोसळणार नव्हतं. पण उद्या दुसरं कुणी हीच कांडी ओतील, आणि या वयात सरांचं जगभर हसं होईल. छे! ते तिला बघवलं नसतं. तिनं तुकडा पुन्हा मधोमध बसवला, माती घट्ट दाबली आणि दार लावलं.

तेवढ्यात सर आत आले. "चल चल, साहेब जिना चढतायत!"

"सर, तो ग्राफ पट्टीचा आहे. तुकडा सरकला होता. माझाच गलथानपणा. साहेबांना मीच सांगते, तुमच्या नावाला धक्का नको."

सरांचं हसू मावळलं. त्यांनी ग्राफकडे पाहिलं नाही. यंत्राकडेही नाही.

"आजचा दिवस राहू दे गं," ते हळूच म्हणाले. "भट्टी वाचू दे. मग करू दुरुस्त."

तिचा कानांवर विश्वास बसेना. एका वाकड्या रेघेपायी तिला महिन्याचं काम पुन्हा करायला लावणारा हा माणूस!

"नाही सर. चूक माझी, मीच निस्तरते." तिचा हात यंत्राच्या कळीकडे गेला. बाहेर पावलं वाजली.

"चूक म्हणे तुझी!" सर स्टुलावर मटकन बसले. "तू बसवलेला तुकडा आजवर कधी सरकलाय? सकाळी तुझा ग्राफ आला. सुळकेच सुळके. मग मी दार उघडलं, तुकडा खाली सरकवला आणि यंत्र पुन्हा लावलं."

दारावर टकटक झाली. तिनं कळीवरचा हात मागे घेतला.

"घेऊ नकोस मागे," सर म्हणाले. "त्यांना आत येऊ दे. त्यांच्यासमोरच दाब."