भुताच्या जागी

निनादने सेटवर आपलं जाकीट काढून नायिका झालेल्या ऋजुताच्या खांद्यांवर घातलं, तसा दिग्दर्शक सुधन्वाचा जळफळाट झाला. पुढच्या महिन्यात त्या दोघांचं लग्न होतं. हा भयपट सुधन्वाने ऋजुतासाठीच लिहिला होता. त्यात नायिकेने नाकारलेला तरुण भूत होऊन येतो आणि तिच्या नवऱ्याचा गळा आवळतो.

“प्रेक्षक भुतासाठी रडले पाहिजेत,” तो तिला समजावत होता. “त्याने आयुष्यभर तिची वाट पाहिली.”

“तिने थांबायला सांगितलं होतं?”

“नाही. पण एवढं प्रेम तिला कळायला हवं होतं.”

“कळलं होतं, सुधन्वा. तिला तो नको होता.”

भूत झालेल्या नटाचा मेकअप अजून चालला होता. म्हणून तिच्या क्लोजअपला सुधन्वाच कॅमेऱ्याशेजारी भुताच्या जागी उभा राहिला. तिला किंचाळायचं होतं. ती किंचाळली नाही. त्याच्या डोळ्यांत बघून शांतपणे म्हणाली, “मी तुझी कधीच नव्हते. आता जा.”

सहायकाने हळूच विचारलं, “सर, हे संहितेत नाही. पुन्हा घ्यायचं?”

“नको. हेच ठेवा,” सुधन्वा म्हणाला, आणि कुणाकडेही न बघता सेटबाहेर निघून गेला.